४एल६०ई गिअरबॉक्स मजबूत करायचाय: कोणते भाग आधी घ्यावेत?

डोंगरवाट

मंडळी, माझ्या गाडीचा ४एल६०ई (जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स खाली उतरवून झालाय आणि त्याचा एकेक भाग गॅरेजच्या फरशीवर पुठ्ठ्यावर मांडून ठेवलाय. नवीन भाग मागवण्याआधी इथल्या जाणकारांशी बोलावं म्हणून हा धागा.

गाडी २००४ ची, ५.३ लिटर व्ही-८, फोर व्हील ड्राइव्ह. मागे ५,००० पौंडांचा कॅम्पर. राहतो डेन्व्हरला, त्यामुळे उन्हाळ्यातले बरेचसे शनिवार-रविवार आय-७० महामार्गावरच जातात. ऑगस्टमध्ये आई पुण्याहून आली होती, तिला डोंगर दाखवायला घेऊन गेलो. परतताना डिलनहून आयझेनहॉवर बोगद्याच्या चढाला लागलो आणि तिसरा गिअर पडेना. दुसरा सुटला की इंजिन नुसतं भणभणायचं, गाडीला ओढच नाही. पाय उचलला की पुन्हा दुसऱ्यात. तशीच कडेला घेतली. टो ट्रक यायला दोन तास लागले, तोवर आई शाल गुंडाळून मागच्या सीटवर बसून होती, एका शब्दाने बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती परत येणार आहे. त्याच रस्त्याने तिला नेऊन आणायचं, म्हणून हा खटाटोप.

चूक माझी आहे. अख्खा चढ लिव्हर 'डी'वर ठेवून ओव्हरड्राइव्हमध्ये ओढत होतो, तापमानाच्या काट्याकडे लक्ष नव्हतं. त्याआधी मे महिन्यापासून अधूनमधून पी१८७० हा बिघाडाचा कोड यायचा, तो मी स्कॅनरने पुसून टाकत होतो.

उघडल्यावर दिसलं ते असं: ऑइल काळं, जळका वास. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला लागणाऱ्या ३-४ क्लचच्या फ्रिक्शन (अस्तराच्या) प्लेटवर काही उरलेलं नाही, स्टील प्लेट निळ्या पडल्यात. सन शेलचे, म्हणजे सन गिअरला फिरवणाऱ्या डब्याचे, दात झिजलेत पण तुटलेले नाहीत. दुसऱ्या-चौथ्या गिअरला ड्रम आवळणारा पट्टा कडेने करपलाय.

यादी बनवली आहे: रेबेस्टॉसचा झी-पॅक (क्लच प्लेटचा संच), कॉर्व्हेट सर्व्हो (पट्टा आवळणारा पिस्टन), कठीण केलेला सन शेल, २९ घटकांचा स्प्रॅग (एकाच दिशेने पकडणारा क्लच), पाच पिनियनचे प्लॅनेट (गिअरचे संच), ३,००० आरपीएम स्टॉलचा कन्व्हर्टर (इंजिन आणि पेटीमधली ऑइलची जोडणी; स्टॉल म्हणजे ती किती फेऱ्यांपर्यंत घसरू देते), शिफ्ट किट (गिअर ठाम पडावा म्हणून), ऑइलसाठी मोठा कूलर. सगळं एकदम घेतलं तर बजेट मोडतं. काय ठेवू, काय काढू?

तेलकट हात

चांगलं केलंस, भाग मागवण्याआधी विचारलंस. ह्यूस्टनला माझ्या छोट्या शेडमध्ये मी हेच गिअरबॉक्स बांधतो, बरीच वर्षं झाली. सगळ्यात आधी एक सांगतो. तुझ्या यादीत क्लच आहे, पण क्लच का जळला याचं उत्तर तीत कुठेच नाही. तेच कारण पेटीत ठेवून वरून कितीही महागडा क्लच घातलास तरी तोही जळेल, फक्त थोडा उशिरा.

तुझ्या पोस्टमध्येच उत्तर आहे. पी१८७० म्हणजे कंप्युटरला आत कुठेतरी घसरण दिसतेय. या पेटीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइलचा दाब वाटणारा ठोकळा) कन्व्हर्टर क्लचचा, म्हणजे कन्व्हर्टरची घसरण थांबवून त्याला 'लॉक' करणाऱ्या क्लचचा, रेग्युलेटर व्हॉल्व्ह. भोक ॲल्युमिनियमचं, त्यात व्हॉल्व्ह सतत थरथरतो, कारण लॉकचा दाब स्पंदनांनी हळूहळू वाढवला जातो. काही वर्षांत भोक खातं, दाब गळतो, लॉक घसरायला लागतो. हा कोड आला की कंप्युटर लॉक सोडून देतो आणि लाइन प्रेशर (पेटीतल्या ऑइलचा मुख्य दाब) कमाल करतो. आठवून बघ, त्या दिवसांत पहिल्याचा दुसरा धाडकन पडायचा का?

पडत असेल तर बाकीची कहाणी जुळतेच. लॉक नाही म्हणून कन्व्हर्टर ऑइल घुसळत राहिला, ऑइल तापलं, सील कडक झाले, ३-४ क्लचपर्यंत दाब पुरेसा पोचेना. आणि त्या धडकांनी सन शेलचे दात खाल्ले.

म्हणून पहिला खर्च व्हॉल्व्ह बॉडीवर. त्या भोकाला सॉनॅक्सचा जाडा व्हॉल्व्ह येतो, पण भोक रीमरने मोठं करावं लागतं. तुझ्याकडे रीमर आणि जिग नसेल तर मशीन शॉपला दे. घरी हाताने ड्रिल फिरवून हे होत नाही.

डोंगरवाट

काका, अगदी तसंच व्हायचं! सिग्नलवरून निघालं की पहिल्याचा दुसरा पडताना कपातली कॉफी सांडायची. मला वाटलं, चला, जोरात पडतोय म्हणजे गिअरबॉक्स अजून दमदार आहे.

रानवारा

मी फ्रिक्शन मटेरियलच्या क्षेत्रात काम करते (गाड्यांचे नाही, औद्योगिक क्लच), म्हणून ३-४ क्लचबद्दल थोडं लिहिते. हा क्लच का थकतो ते गिअरच्या आकड्यांतूनच कळतं.

४एल६०ईचे रेशो ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०. मूळ रचना १९८२ च्या ७००आर४ ची, १९९३ पासून तिलाच इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. तिसऱ्यात इंजिनचा टॉर्क दोन वाटांनी आत जातो: फॉरवर्ड क्लचमधून मधल्या इनपुट सन गिअरला आणि ३-४ क्लचमधून त्याभोवतीच्या रिंग गिअरला. पहिला गिअर ३.०६ आहे, म्हणजे सनच्या वाट्याला एकूण टॉर्कचा ३.०६ वा भाग येतो, साधारण एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश ३-४ क्लच पेलतो. चौथा पडला की सनची वाट रिकामी फिरते आणि सगळाच्या सगळा टॉर्क एकट्या ३-४ क्लचवर येतो. एकाच चढावर, इंजिनचा जोर तेवढाच असताना, तिसऱ्यातून चौथ्यात गेलं की त्या प्लेटवरचा भार दीडपट होतो.

डोंगरवाट, तुम्ही ५,००० पौंड मागे लावून ओव्हरड्राइव्हमध्ये चढत होतात. कुठलाही भाग न बदलता, लिव्हर '३'वर ठेवली असती तरी तो क्लच जास्त दिवस टिकला असता. हे दोष दाखवायला नाही लिहीत. नवीन पेटी बांधल्यावरही हा हिशोब बदलणार नाही, म्हणून लिहितेय.

आता प्लेटची निवड. बरेच जण म्हणतात, जितक्या फ्रिक्शन जास्त तितकं चांगलं. प्लेट वाढवायच्या तर त्याच जागेत स्टील पातळ करावे लागतात. फ्रिक्शनचं अस्तर उष्णता साठवत नाही, गिअर पडतानाची सगळी उष्णता स्टील झेलतं आणि मग ऑइल ती वाहून नेतं. पातळ स्टील चटकन तापतं, निळं पडतं, वाकतं. ड्रॅग स्ट्रिपवर काही सेकंदांत काम संपतं, तिथे जास्त प्लेटचा फायदा होतो. चढावर ओझं ओढताना गिअर पुन्हा पुन्हा वरखाली होतो आणि स्टीलला गार व्हायला उसंत मिळत नाही. तुमच्या कामाला मी मूळच्या संख्येएवढ्याच चांगल्या प्रतीच्या फ्रिक्शन आणि जाड स्टील घेईन. झी-पॅकची कल्पना वेगळी आहे, त्यात प्रत्येक प्लेटला एकाच बाजूने अस्तर असतं, त्यामुळे अस्तराची प्लेटही उष्णता घेते. तो पर्यायही वाईट नाही.

तेलकट हात

रानवाराताई, हा दोन तृतीयांशचा हिशोब मला इतकी वर्षं माहीत नव्हता. हाताला कळायचं की चौथ्यात ओढणाऱ्यांचे क्लच लवकर दुरुस्तीला येतात, आकड्यात आज पाहिलं. आभार.

प्लेटबाबत सहमत. मी ३-४ मध्ये ३५ ते ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट ठेवतो. त्याहून घट्ट केलं तर क्लच मोकळा असतानाही प्लेट घासतात, फार सैल ठेवलं तर पिस्टनला जास्त प्रवास करावा लागतो आणि गिअर उशिरा पकडतो. फीलर गेज तीन ठिकाणी लावून बघ, एका ठिकाणी नाही.

आणि डोंगरवाट, एक गोष्ट यादीत असतेच असं नाही, पण मी ती कधीच सोडत नाही. केसमध्ये थर्ड ॲक्युम्युलेटरचा चेक व्हॉल्व्ह आहे, सर्व्होच्या भोकाजवळ, एक छोटी कॅप्सूल, आत गोळी. तिसरा गिअर पडताना ३-४ क्लचला जाणारं ऑइल त्याच वेळी सर्व्होला मागे ढकलून पट्टाही सोडवतं. दोन्ही कामं एकाच वाटेने. ही कॅप्सूल गळली किंवा सर्व्होचे सील झिजले, की क्लचच्या वाट्याचा दाब तिथूनच निघून जातो. वरून सॉल्व्हंट ओत आणि दहा मिनिटं बघत बस. खाली उतरलं तर कॅप्सूल बदल. अगदी स्वस्तातला भाग आहे, आणि याच्यामुळे नवेकोरे क्लच जळलेले मी पाहिलेत.

दाबमापक

कॉर्व्हेट सर्व्हो आणि शिफ्ट किट याबद्दल इथे सहसा "घालून टाका" असंच लिहिलं जातं. माझं मत थोडं वेगळं आहे.

कॉर्व्हेट सर्व्होचा दुसऱ्या गिअरचा पिस्टन मोठा, त्यामुळे त्याच दाबात पट्टा जास्त जोराने पकडतो. चांगला भाग आहे. शिफ्ट किटही चांगलं. पण हे दोन्ही घालून, वर दाब वाढवणारा मोठा बूस्ट व्हॉल्व्ह बसवून, गिअरचा धक्का शोषणारा ॲक्युम्युलेटर बंद करून, ट्यूनमध्येही (कंप्युटरच्या सेटिंगमध्ये) दाब वाढवला तर पाच ठिकाणी एकच काम केल्यासारखं होतं. दुसरा गिअर हातोड्यासारखा पडतो आणि तो धक्का सन शेल, स्प्रॅग, आउटपुट शाफ्ट, पुढे यू-जॉइंटपर्यंत जातो. गिअर थोडक्या वेळात, ठाम पडला पाहिजे, पण डोकं मागे आपटता कामा नये.

या पेटीतली दाबाची सोलेनॉइड उलटी चालते, हेही लक्षात घ्या. करंट शून्य असताना दाब कमाल, करंट वाढला की दाब कमी. म्हणून वायर तुटली किंवा कनेक्टर सैल झाला तर पेटी आपोआप जास्तीत जास्त दाबावर जाते. रचनेत हा विचार चांगला केलाय, क्लच वाचतात. पण नवीन बांधलेली पेटी कडक गिअर टाकायला लागली तर किटला दोष देण्याआधी कनेक्टर बघा.

दाब किती आहे हे अंदाजाने सांगू नका, पेटीच्या बाजूला प्लग आहे तिथे ३०० पीएसआयचा मीटर लावा. आयडलला, रिव्हर्सला आणि पूर्ण थ्रॉटलला किती येतो ते लिहून ठेवा. माझ्याकडे प्रत्येक गाडीची वही आहे.

हिशोबी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा ४एल८०ई ही मोठी पेटी का नाही टाकत? ती मुळात जड कामासाठीच बनवलेली आहे.

तेलकट हात

टर्बो-४०० या जुन्या पेटीच्या घराण्यातली आहे, मजबुतीबद्दल प्रश्नच नाही. पण आकाराने मोठी आणि जड. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, क्रॉसमेंबर सरकवावा लागतो, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ट्रान्सफर केसच्या जोडणीचं काम निघतं, वायरिंग आणि ट्यून वेगळं. तिचा पहिला गिअर २.४८ आहे, इथे ३.०६. उभ्या चढावर कॅम्पर घेऊन निघताना तो फरक पायाला जाणवतो. इंजिनला टर्बो लावणार असतील तर मी ८०ईच सांगेन. मूळ ५.३ ला नीट बांधलेली ६०ई पुरते.

घाटमाथा

पुण्याहून वाचतोय. आमच्याकडे टॉर्क कन्व्हर्टरवाली सहा गिअरची डिझेल एसयूव्ही आहे, महिन्यातून दोनदा आंबोलीमार्गे गावी जातो. सात माणसं, वर कॅरिअर. असले भाग इथे कोणी घालत नाही, पण काळजी म्हणून काय करता येईल? शोरूममध्ये सांगतात, ऑइल आयुष्यभर बदलायचं नाही.

रानवारा

घाटमाथा, तुमच्या पेटीत आतले भाग बदलायची गरज नाही. उष्णतेचा हिशोब मात्र तोच. घाटात मॅन्युअल मोडमध्ये एक गिअर खाली ठेवा, म्हणजे कन्व्हर्टर लॉक राहू शकतो आणि गिअर सारखा वरखाली होत नाही. उतरतानाही तसंच, ब्रेक वाचतील. ऑइलबद्दल मी एवढंच सांगेन की तापलेलं ऑइल ऑक्सिडाइज होतं, आणि घाटात भरलेल्या गाडीचं ऑइल सपाटीवरच्या गाडीपेक्षा जास्त तापतं. गाडीच्या पुस्तिकेत जड वापरासाठी वेगळं वेळापत्रक दिलेलं असेल तर ते पाळा, आणि त्यात सांगितलेलंच ऑइल घाला. तुमची ड्युअल क्लच किंवा एएमटी असती तर उत्तर वेगळं असतं, तिथे हा कन्व्हर्टरच नसतो.

घाटमाथा

पुस्तिका काढून बघितली, तसं वेगळं वेळापत्रक खरंच आहे. आभार, ताई.

डोंगरवाट

आज दिवसभर तपासलं. सॉल्व्हंट ओतलं, काका म्हणाले तसं. चार मिनिटांत खाली थेंब दिसायला लागले. रेग्युलेटर व्हॉल्व्ह भोकात बोटाने हलवला तर डावीउजवीकडे डुगडुगतो. म्हणजे दोन्ही वाटांनी गळत होतं आणि मी प्लेट निवडत बसलो होतो.

आता प्रश्न कन्व्हर्टर, प्लॅनेट आणि पंपाचा.

तेलकट हात

३,००० स्टॉलचा कन्व्हर्टर यादीतून आजच काढ. तो हलक्या गाडीला, वर फिरणाऱ्या इंजिनला. तू कॅम्पर ओढणार, लॉक नसताना तो चढावर सारखा घसरत राहणार आणि सगळी घसरण ऑइलमध्ये उष्णता होऊन जाणार. मूळच्या स्टॉलचा, पण चांगल्या अस्तराचा आणि मजबूत कव्हरचा घे. जुना कन्व्हर्टर धुऊन परत लावू नकोस, त्यात जळक्या क्लचची भुकटी बसलेली आहे, ती धुऊन पूर्ण निघत नाही. रेडिएटरमधला कूलरही उलट्या दिशेने फ्लश कर.

सन शेल घेच. तो गेला की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स तिन्ही एकदम जातात, गाडी पहिल्यावरून थेट तिसऱ्यात उडी मारते. २९ घटकांचा स्प्रॅग पेटी उघडी आहे तोवर घालून टाक, पुन्हा तिथे हात घालायचा म्हणजे सगळं उतरवावं लागतं. पंपात १३ पात्यांचा रोटर आणि कठीण केलेल्या रिंग. दाब थोडा जरी वाढवणार असशील तर जुन्या रिंगवर विसंबू नकोस, त्या मोडल्या तर तुकडे सगळीकडे जातात.

पाच पिनियनचे प्लॅनेट ४एल६५ईत येतात आणि चांगले आहेत, पण तुझे चार पिनियनचे प्लॅनेट हाताने फिरवून गुळगुळीत लागत असतील, पिनियनला वरखाली फट नसेल, तर तेच राहू दे. तिथे वाचलेले पैसे कूलरला लाव. शेल, सर्व्हो आणि शिफ्ट किट मिळूनही कन्व्हर्टरपेक्षा कमी पैशात येतात, म्हणून त्यात काटकसर करू नकोस.

रानवारा

कूलरबद्दल उंचीचा मुद्दा. आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के. म्हणजे कूलरमधून तेवढाच वारा गेला तरी तो कमी उष्णता नेतो. इंजिनचाही जोर कमी होतो, म्हणून पाय जास्त दाबला जातो, कन्व्हर्टरचा लॉक सुटतो, उष्णता वाढते. सगळं एकाच वेळी, नेमकं सगळ्यात उभ्या चढावर. सपाटीच्या आकड्यांवरून निवडलेला कूलर तुमच्याकडे कमी पडेल, एक माप मोठाच घ्या. एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचा (स्टॅक्ड प्लेट) घ्या, नळीवर पत्र्याचे पंख लावलेला (ट्यूब-अँड-फिन) नको. आणि डेन्व्हरच्या हिवाळ्यासाठी थर्मोस्टॅटची बायपास हवीच, नाहीतर जानेवारीत ऑइल गरमच होणार नाही आणि गिअर जड पडतील.

दाबमापक

ट्यून करताना टॉर्क मॅनेजमेंट बंद करू नका. गिअर पडताना कंप्युटर क्षणभर इंजिनचा जोर कमी करतो, "लॅग जातो" म्हणून लोक ते काढून टाकतात. तो क्षण क्लचसाठीच आहे. त्याऐवजी लॉक पूर्ण दाबाने लागेल असं करा, आणि टो-हॉल (ओझं ओढायच्या) मोडमध्ये चौथा उशिरा पडेल असं.

डोंगरवाट

मंडळी, आठ महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल क्षमा.

शेवटी बसवलं ते: रीमर मारून जाडा रेग्युलेटर व्हॉल्व्ह, नवी चेक व्हॉल्व्ह कॅप्सूल, मूळ संख्येच्या फ्रिक्शन आणि जाड स्टील, ३८ थाऊ फट, कॉर्व्हेट सर्व्हो, कठीण सन शेल, २९ चा स्प्रॅग, १३ पात्यांचा रोटर, मूळ स्टॉलचा कन्व्हर्टर, बायपाससह मोठा कूलर, डेक्सरॉन-६ ऑइल. प्लॅनेट जुनेच, बूस्ट व्हॉल्व्ह नाही, ॲक्युम्युलेटर चालू. दाबमापकसाहेब, वही मीही सुरू केली.

गेल्या शनिवारी आई मागच्या सीटवर होती. कॅम्पर तोच, पाण्याची टाकी भरलेली, डिलनचा तोच चढ. लिव्हर '३'वर, लॉक लागलेला, मागून ट्रक पुढे जात होते ते जाऊ दिले. बायको स्कॅनर हातात धरून दर मैलाला तापमान मोठ्याने सांगत होती. १७०, १७८, १८५, बोगद्याच्या तोंडाशी १९१ फॅरनहाइट. गेल्या वर्षी गाडी जिथे थांबली होती ती जागा आली तेव्हा आईने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "इथंच ना रे?"

पाचशे मैल झालेत. पुढच्या आठवड्यात पेटीखालचा ऑइलचा पॅन उतरवून त्यातल्या चुंबकावर काय जमलंय ते बघणार आहे, फोटो टाकतो. काका, भुकटी किती असली तर चिंता करायची?

तेलकट हात

राखाडी, बोटाला लोण्यासारखी लागणारी पातळ साय असली तर ठीक, नवे भाग बसतानाची ती असते. चिमटीत पकडता येणारा चकाकता कण दिसला, किंवा पितळी रंग दिसला, तर गाडी सुरू करू नकोस, आधी इथे लिही. आणि फिल्टर कापून आतून बघ. आईंना नमस्कार सांग.